पाणी दिलं म्हणजे हत्यार तयार झालं असं नाही

घरी छोटी मॉडेल इंजिनं बनवायला घेणाऱ्या नवीन लोकांचा ठरलेला प्रश्न असतो, आधी टूल्स बनवू की मॉडेल? माझं मत ठाम आहे. एक साधं मॉडेल ठरवा, ऑसिलेटिंग (म्हणजे डुलणाऱ्या) सिलेंडरचं छोटं स्टीम इंजिन घ्या, आणि ते करताना जे हत्यार अडेल तेवढंच बनवा. आधी पेटी भरू मग इंजिन करू म्हणणारे बहुतेक पेटीतच अडकतात.

कानस, मार्किंग, ड्रिलिंग तुम्हाला येतच असेल. स्टीलचं एकच सांगतो, एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं लोखंड) तुकड्याला कितीही लाल करून पाण्यात बुडवा, त्यात तेवढा कार्बनच नसतो, तो कडक होणार नाही. सिल्व्हर स्टीलचा, म्हणजे भरपूर कार्बन असलेल्या हत्याराच्या स्टीलचा रॉड घ्या. जुनी कानसही चालते, पण काही स्वस्त कानशी नुसत्या वरून कडक केलेल्या असतात, त्या घासल्यावर आत मऊ निघतात.

पहिलं हत्यार डी-बिट करा, म्हणजे इंग्रजी D सारख्या अर्धगोल टोकाचा बिट. सिलेंडरचं भोक गुळगुळीत आणि नेमक्या मापाचं करायला यासारखं स्वस्त काही नाही. १० मिलीमीटरच्या रॉडचं टोक घासून अर्धं करायचं, म्हणजे मायक्रोमीटरवर ५ मिलीमीटर, जमलं तर केसभर जास्त. ५ च्या खाली गेलात की भोक लहान पडणार. त्यामुळे शेवटी मोठी कानस ठेवून द्या, बारीक कानशीचे दोन हात मारा, मापा, परत दोन हात.

आता खरी गोम, कडक करणं. टोक लाल करायचं, चुंबक चिकटेनासं झालं (७७० अंशांच्या आसपास) की किंचित वर न्यायचं आणि सरळ उभं बुडवायचं, आडवं बुडवलं की वाकतं. इथवर सगळ्यांना जमतं, कानस वरून नुसती घसरते आणि माणूस खूश होतो. पण या अवस्थेत ते स्टील काचेसारखं असतं, पडलं तरी तुकडा उडतो, आणि याच अवस्थेतल्या सेंटर पंचावर हातोडा घातला तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा लावा, हे मी विनवणी म्हणून सांगत नाहीये.

म्हणून लगेच, त्याच दिवशी, टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला परत थोडं तापवणं. आणि माझा जीव खाल्लेली गोष्ट इथेच आहे, तापवताना धातूवर चढणारा रंग, त्यावरूनच किती तापलं ते कळतं. रंग दिसतो तो फक्त स्वच्छ चकचकीत धातूवर. बुडवून काढलेल्या काळ्या पापुद्र्यावर काहीच दिसत नाही, तुम्ही वाट बघत तापवत राहता आणि धार कधीच निळी होऊन मऊ पडलेली असते. आधी पॉलिश पेपरनं लख्ख करा. ज्योत धारेवर धरू नका, मागच्या जाड भागावर धरा, पिवळा रंग सावकाश पुढे सरकताना दिसेल. फिकट पिवळा म्हणजे साधारण २२० अंश, डी-बिट आणि स्क्राइबरला तो धारेशी पोचला की बुडवा. पंचाला तपकिरी, २५० च्या पुढे. लोखंड तोडायच्या छिन्नीला जांभळा, २८० च्या आसपास. पिवळ्यापासून निळ्यापर्यंत जायला लहान तुकड्याला काही सेकंदच लागतात.

"अंदाजानं कळतं रे" म्हणणारे उस्ताद भेटतील. त्यांना कळतं, खरं आहे, पण शिकवताना त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवून २२० वर तासभर ठेवा, ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. याला शॉर्टकट म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मुरडू द्या.

आणि रंग चुकला तर घाबरू नका. धार मऊ पडली की परत लाल करा, परत बुडवा, स्टील वाया गेलेलं नसतं. फक्त लालचा पिवळसर होईपर्यंत तापवू नका, आतले कण मोठे होतात आणि ठिसूळपणा येतो.

डी-बिट तयार झाला की आधी भोक पाव मिलीमीटर लहान ड्रिलनं पाडा, मग हळूहळू डी-बिट आत घाला, दर थोड्या वेळानं बाहेर काढून बुरा झाडा. त्याला खाच एकच असल्यानं बुरा साचून अडकतो.