गुणवत्ता दस्तऐवजाची जबाबदारी पदावर सोपवावी

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’, म्हणजे गुणवत्ता प्रणाली सांभाळणारा एक अधिकारी, नेमण्याची सक्ती काढली. जबाबदाऱ्या व अधिकार नेमून देण्याचे काम मात्र कलम ५.३ नुसार सर्वोच्च व्यवस्थापनाकडेच आहे. तरीही जळगावच्या एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात काय किंवा डाळ मिलमध्ये काय, सगळ्या फायली बहुधा एकट्या क्यूसीवाल्याच्या (गुणवत्ता तपासणाऱ्याच्या) गळ्यात पडतात. ही वाटणी चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक्स्ट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून आकार देणाऱ्या यंत्राच्या) तापमानाची कार्यपद्धती उत्पादन प्रमुखाने लिहावी, कच्च्या मालाच्या आवक-तपासणीची स्टोअर आणि क्यूसी यांनी मिळून लिहावी, आणि गुणवत्ता विभागाने दस्तऐवज क्रमांक, आवृत्ती, वाटप-यादी व जुन्या प्रती परत घेणे एवढेच सांभाळावे. हे शेवटचे काम सर्वांत दुर्लक्षित असते: कपाटातली प्रत आवृत्ती ४ ची आणि यंत्राच्या पॅनेलवर चिकटवलेला, तेलकट बोटांनी पुसट झालेला तक्ता आवृत्ती २ चा, आणि ऑपरेटर अर्थातच समोरचाच तक्ता वाचतो.

मंजुरीची सही दस्तऐवज लिहिणाऱ्याची नसावी. जबाबदारीच्या तक्त्यात व्यक्तीचे नाव न घालता पद लिहावे, आणि त्याच ओळीत त्याच्या गैरहजेरीत सही करणाऱ्याचे पदही नोंदवावे.