बँडच्या गाडीवर कानात काय घालावं: इन-इअर निवडायची माझी पद्धत

अमळनेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात बँडच्या गाड्यांवर आता इन-इअर, म्हणजे आपलाच मिक्स ऐकायला कानात घालायचे छोटे स्पीकर, दिसायला लागलेत. बँजोवाला असो, कीबोर्डवाला असो की गायक, प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "भाऊ, कोणता घेऊ?" मी ऑक्टापॅड वाजवतो आणि आमच्या गाडीचा मॉनिटर मिक्स, म्हणजे कोणाच्या कानात कशाचा आवाज किती द्यायचा, तेही मीच बघतो. मी लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही. सगळ्यात कमी आवाजात ज्याच्यात तुम्हाला सूर आणि ठेका दोन्ही पकडता येतात, तो इन-इअर तुमचा. आवाजाचा दर्जा आणि कानाची राखण हे दोन वेगळे हिशेब आहेत असं समजून लोक पैसे घालवतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आकडे बघू. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची कामगारांसाठीची शिफारस अशी: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. आता आपली वरात डोळ्यांसमोर आणा. मागे बेसचा स्पीकर, डोक्यावर टॉपचा, शेजारी ढोलकी आणि झांज. अशा जागी १०० ते १०५ डेसिबल सहज होतात, आणि वरात काही १५ मिनिटांत मांडवापाशी पोचत नाही. एप्रिल-मे मध्ये तर सकाळी एक लग्न, रात्री दुसऱ्या गावी हळद. फोनवरच्या ॲपने मोजून बघा, अंदाज येतो. फक्त खूप मोठ्या आवाजाला फोनचा माइक दबतो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, हे धरून चाला.

इन-इअर म्हणजे कानात बसवलेलं बूच, ज्याच्या आत एक छोटा स्पीकर आहे. कान वाचतो तो त्या बुचामुळे, आणि बिघडतो तो आतल्या स्पीकरमुळे. ढोबळ हिशेब करू. गाडीवर १०५ डेसिबल आहे आणि तुमचा इन-इअर २५ डेसिबल अडवतो. कानात बाहेरचा ८० उरला. त्याच्यावर तुमचा मिक्स ७-८ डेसिबलने वर ठेवला की ८८ च्या आसपास काम होतं, म्हणजे साधारण ४ तास मिळाले. आता तोच इन-इअर सैल बसलाय आणि १२ डेसिबलच अडवतोय असं धरा. कानात ९३ उरला, त्याच्यावर स्वतःचा आवाज ऐकायला तुम्ही १०० वर नेणार, आणि मग १५ मिनिटं. वस्तू तीच, किंमत तीच. फरक पडला तो कानात बसण्यामुळे.

म्हणून दोन इन-इअरची तुलना करताना पहिला तास गाणं लावूच नका. ते कसे बसतात ते बघा. उजवा घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते, आणि मग टिप, म्हणजे इन-इअरच्या टोकावरची मऊ टोपी, आत सारा. डाव्यालाही तसंच. फोमची टिप असेल तर बोटांनी वळून बारीक करा, आत घाला आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवा. बहुतेक जण ती पाच सेकंदात सोडतात आणि मग फोम चांगला नाही म्हणतात.

मग तोंड मिटून एक सूर गुणगुणा. तो डोक्यात घुमला पाहिजे आणि दोन्हीकडे सारखा घुमला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर दुसऱ्या बाजूचं बूच सैल आहे. त्यानंतर फोनवर ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि तोंड पूर्ण उघडा, वरच्या पट्टीतली तान घेताना उघडतो तसं. सूर गायब झाला किंवा एकदम पातळ झाला, तर जबडा हलल्यावर फट पडतेय. गायकांनी ही चाचणी टाळूच नये. कीबोर्डवाल्याचं जबड्यावाचून भागतं, गायकाचं भागत नाही. टिप बदला, एक नंबर मोठी घ्या, दोन्ही कानांना वेगळ्या मापाची लागली तरी चालेल. पुष्कळांचे दोन कान सारखे नसतात.

टिपांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डब्यातल्या सिलिकॉनच्या टिपा वरातीला पुरत नाहीत. फोम किंवा तीन थरांच्या टिपा जास्त अडवतात. शुअरच्या एसई २१५ या इन-इअरला कंपनी ३७ डेसिबलपर्यंत म्हणते, तो आकडा फोम नीट बसल्यावरचा, उत्तमात उत्तम. एटिमोटिक कंपनीच्या खोल जाणाऱ्या तीन थरांच्या टिपा याहून थोडं जास्तच अडवतात, पण त्या इतक्या आत जातात की काहींना सहन होत नाहीत. केझेडसारख्या स्वस्त इन-इअरची नळी बहुधा आखूड आणि जाड असते, वर बहुतेकांच्या कवचाला हवेचं छिद्र असतं, त्यामुळे त्यांचं अडवणं कमी पडतं. तरी चांगल्या फोम टिपांनी त्यांच्यातही खूप सुधारणा होते. हजार-दीड हजाराचा इन-इअर आणि वर टिपांवर वेगळा खर्च, हे नुसत्या महागड्या इन-इअरपेक्षा शहाणपणाचं ठरू शकतं. आणि डब्यावरचा आकडा सगळ्या आवाजाला सारखा लागू नसतो. बारीक, तीक्ष्ण आवाज जास्त अडतो, बेस कमी अडतो.

आता गाणं. दोन इन-इअर एकामागून एक लावले की त्यातला जोरात वाजणारा चांगला वाटतो. प्रत्येक कानाचं असंच होतं. एसई २१५ ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेवर तो किती जोरात वाजतो ते माप, १ मिलिवॅटला १०७ डेसिबल आहे. दुसऱ्याची १०० असली तर त्याच बटणावर तो बिचारा फिका वाटणारच. म्हणून आधी एकाच गायकाचा नुसता आवाज लावून दोन्ही सारखे करा, पॅकच्या, म्हणजे इन-इअर ज्या डबीला जोडतो तिच्या, बटणावर चिकटपट्टीने खुणा करा आणि मगच तुलना करा. सिनेमाचं गाणं वापरू नका, ते आधीच गुळगुळीत केलेलं असतं. आपल्याच गाडीचं मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग घ्या. त्यात ढोलकीची धुम आणि चाट वेगळी ऐकू येते का, बँजो आणि कीबोर्ड एकमेकांवर चढतात का, अहिराणी गाण्यातले शब्द, विशेषतः च, स, श, कानाला टोचतात का, हे ऐका.

खरी परीक्षा यापुढची. अंगणात स्पीकरवर वरातीचा गोंगाट लावा, शेजाऱ्यांना विचारून, दिवसा. इन-इअर घालून रेकॉर्डिंगसोबत गा किंवा वाजवा, आणि आवाज हळूहळू कमी करत न्या. जिथे सूर हातातून सुटायला लागतो त्याच्या किंचित वर थांबा आणि खूण करा. दुसऱ्या इन-इअरलाही असंच. मग बाहेरचा स्पीकर बंद करून शांत खोलीत या आणि दोन्ही आपापल्या खुणेवर ऐका. ज्याचा आवाज शांततेत हळू वाटतो, तो जिंकला. त्याच्यात तुमचं काम कमी आवाजात झालं. अडवणं, स्पष्टपणा, टिप, सगळ्याची परीक्षा या एका चाचणीत होते.

ही चाचणी केली की एक गोष्ट हटकून कळते. बेस आणि ट्रेबल फुगवलेले, मधला भाग दबलेला असे इन-इअर दुकानात भारी वाटतात आणि गाडीवर घात करतात. माणसाचा आवाज आणि बँजोचा बराचसा जीव मधल्या भागात असतो. तोच दबला की गायक मागून हाक मारतो, "भाऊ, मना आवाज वाढाव." वाढवला की ट्रेबलही वाढतो, तास-दोन तासांत कान थकतो, थकलेल्या कानाला आणखी कमी ऐकू येतं, आणि पुन्हा तीच हाक. मधला भाग साफ असलेला साधा एका ड्रायव्हरचा (आतल्या स्पीकरचा) इन-इअर मला म्हणूनच पाच ड्रायव्हरच्या झगमगाटापेक्षा बरा वाटतो. केझेडच्या झेडएस १० प्रो मध्ये एका बाजूला चार बॅलन्स्ड आर्मेचर आणि एक डायनॅमिक, अशा दोन जातींचे मिळून पाच ड्रायव्हर असतात. ड्रायव्हर मोजून आवाजाचा दर्जा कळत नाही. शिवाय अनेक आर्मेचर असलेले इन-इअर मिक्सरच्या हेडफोन जॅकला लावले की काही वेळा आवाजाचा तोल बदलतो, म्हणून तुलना करताना जो पॅक गाडीवर वापरणार तोच लावा.

बेसबद्दल थोडं अजून. गाडीवर मागचा बेस पायातून, बरगड्यांतून आपल्याला मिळतच असतो. तो पॅकमध्ये पुन्हा भरायची गरज नसते. आमच्या मिक्समध्ये मी ऑक्टापॅडच्या किकचा नुसता ठोका ठेवतो, धुम काढून टाकतो. जागा मोकळी होते आणि सगळा मिक्स खाली आणता येतो.

एक कान उघडा ठेवायची सवय आपल्याकडे सगळ्यात जास्त आहे, आणि सगळ्यात नुकसान तिचंच. उघड्या कानाला गाडीचे पूर्ण १०५ मिळतात. दोन्ही कानांनी ऐकताना जो आवाज पुरेसा वाटतो तो एका कानाला अपुरा वाटतो, म्हणून बंद कानातला आवाज माणूस वाढवतो. दोन्ही कान मार खातात. लोक असं का करतात तेही मला ठाऊक आहे. नवरदेवाचे मामा येऊन फर्माईश सांगतात, पुढचे नाचणारे ओरडतात, आणि इन-इअर घातला की आपण विहिरीत पडल्यासारखे एकटे होतो. यावर उपाय म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला एक साधा माइक लावा, त्याचा खालचा बेस कापा, आणि तो फक्त ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमधून, कानात द्या, बाहेरच्या स्पीकरला अजिबात नाही. मास्तरांसाठी बोलायचा दुसरा माइक तसाच. आमच्या गायिका ताईंनी हा माइक आल्यापासून एकदाही कानातला इन-इअर काढलेला नाही.

स्वतःचा आवाज घुमतो ही तक्रार गायकांची असते. कानाच्या नळीचं तोंड बंद झाल्यामुळे हाडांतून येणारा आपलाच खर्ज आत अडकतो. टिप आणखी खोल बसवली की घुमणं कमी होतं, बाहेर ओढली की वाढतं. सगळे नेमके बाहेर ओढतात.

पॅक आणि जोडणीचं थोडक्यात. ब्लूटूथचे इअरबड गाडीवर नकोत. त्यांच्यात आवाज १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा येणं नेहमीचं आहे, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. बसून वाजवणाऱ्याला वायरचा पॅक किंवा चार जणांचा हेडफोन ॲम्प पुरतो, बिनतारी फक्त फिरणाऱ्या गायकाला. ऑक्स प्री-फेडर (बाहेरच्या आवाजाच्या सरकपट्टीच्या आधी घेतलेला) ठेवा, नाहीतर बाहेरचा आवाज वाढवला की तुमच्या कानातलाही वाढतो. बेहरिंगर एक्सआर १८ सारख्या मिक्सरला सहा ऑक्स असतात आणि प्रत्येक जण आपल्या फोनवरून आपला मिक्स करू शकतो. पॅकला लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारी सोय) असेल तर चालूच ठेवा. १०७ डेसिबलच्या त्या इन-इअरला १० मिलिवॅट मिळाले तर ११७, १०० मिळाले तर १२७ डेसिबल होतात. एखाद्याने मध्येच माइकची वायर उपटली तर तो फटका कानाच्या पडद्यापासून बोटभरही दूर नसतो. गाणं सुरू करताना बटण शून्यावर, कानात घातल्यावर हळू वर. माझ्या गाडीवर हा नियम सगळ्यांना आहे.

आपल्या उन्हाचंही बघायला लागतं. जळगाव-भुसावळकडे मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असतो, घाम कानाच्या नळीपर्यंत उतरतो. फोम घामाने लवकर मऊ पडतो, फुगणं मंदावलं की बदला. प्रत्येक कार्यक्रमानंतर जाळी कोरड्या ब्रशने साफ करा, डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. निघणारी केबल असलेलाच घ्या आणि एक जादा केबल बाळगा, घामाने आधी जोडच जातो. आणि एकाचे इन-इअर दुसऱ्याने घालू नयेत, सख्खा भाऊ असला तरी. कानातून पू यायला लागला की सगळी लग्नसराई हातची जाते.

कानाचं माप देऊन बनवलेले कस्टम घ्यावेत का? पैसे असतील आणि रोज काम असेल तर आरामासाठी जरूर. १९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी ॲलेक्स व्हॅन हॅलेन या ड्रमरसाठी ते बनवले आणि तिथून हा धंदा वाढला. पण कडक ॲक्रिलिकचे कस्टम साधारण २६ डेसिबल अडवतात, म्हणजे नीट बसलेल्या फोमहून कमीच. माप घेताना तोंड उघडं ठेवून घ्यायला सांगा, नाहीतर गाताना फट पडेल.

गाडी ढकलणारी आणि जनरेटरवर बसणारी पोरं यांच्या कानात काहीच नसतं. त्यांना फोमचे इअरप्लग द्या, अगदी थोडक्या पैशांत मिळतात. मालकांनी हा खर्च डिझेलसारखाच धरावा असं मला मनापासून वाटतं.

शेवटी कानाची तपासणी. हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची मोजणी, करून घ्या. आधीची पूर्ण रात्र गोंगाटापासून लांब राहून जा, म्हणजे तात्पुरता बधिरपणा मोजमापात येत नाही. कागदावर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतोय का ते डॉक्टरांना विचारा, मोठ्या आवाजाचा मार बहुधा तिथे आधी दिसतो. दोन्ही कागद सोबत ठेवून बघा. खड्डा वाढला असेल तर मॉडेल बदलायच्या आधी टिपा बदला आणि गोंगाटाची ती चाचणी पुन्हा करून पॅकवर नवी खूण लावा. आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत असेल आणि सकाळपर्यंत थांबली नसेल, तर हंगाम संपायची वाट न बघता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.