स्मरणिकेआधी: बॅप्टिस्ट मंडळीचा आणि तिच्या पाळकांचा इतिहास गोळा करण्याची तयारी

मंडळीला, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समूहाला, पंचवीस किंवा पन्नास वर्षं पूर्ण होत आली की वार्षिक सभेत स्मरणिकेचा ठराव होतो, कमिटी नेमली जाते आणि पहिल्याच बैठकीत पाळकांची (पास्टरांची) यादी करायला घेतली जाते. नाव, साल, फोटो, खाली कौतुकाच्या दोन ओळी. बॅप्टिस्ट मंडळीने हे काम दुसऱ्या टोकाने सुरू करावं, पाळकांची यादी सगळ्यांत शेवटी करावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे बिशप नाही, वरून बदलीचा हुकूम येत नाही. पाळकाला पाचारण करायचं की नाही हे सभासदांची सभा मत देऊन ठरवते, त्याला निरोप द्यायचा तोही तीच ठरवते. प्रत्येक पाळकाच्या नावामागे अशी एक सभा असते आणि त्या सभेला बसलेली माणसं असतात. ती माणसं आधी सापडली पाहिजेत.

कामाला ईस्टरनंतर लगेच लागा, म्हणजे पावसाळ्याआधी कपाटं रिकामी करून होतील. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत कागद आधीच मऊ पडलेला असतो, त्यात कसर आणि वाळवी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी खोल्यांतल्या वह्या भिजल्या. पण ‘पुरात सगळं गेलं’ हे वाक्य ऐकून थांबू नका. वह्या सुकवायला कोणी घरी नेल्या होत्या, हे विचारा. स्वतःची इमारत होईपर्यंत आपल्या बहुतेक मंडळ्यांचं ऑफिस म्हणजे सेक्रेटरीच्या घरातली एक पिशवी असते. म्हणून सगळ्यात आधी सेक्रेटरी आणि खजिनदार यांची यादी करा आणि त्यांच्या घरी जा. कळव्याचं घर विकून कोणी बदलापूरला गेलं असेल, कोणी निवृत्तीनंतर गावी. जे वारले त्यांच्या मुलांना पोटमाळा बघायला सांगा. भिजून चिकटलेल्या वहीची पानं उन्हात सुकवू नयेत. पंख्याच्या वाऱ्यात, पानांमध्ये साधा टीपकागद घालून सावकाश सोडवावीत. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको.

वह्या हाताशी आल्या की प्रत्येक वही काय सांगू शकते हे समजून घ्या. आपल्या बाप्तिस्मा नोंदवहीवरून कोणाचा जन्म काढता येत नाही. कॅथलिक किंवा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चच्या नोंदवहीत तान्ह्या बाळाचं नाव, आईबाप, जन्मतारीख सापडते. आपण बाळांचं समर्पण करतो, बाप्तिस्मा देत नाही. विश्वास कबूल करून जाणत्या वयात पाण्यात उतरलेल्या माणसांचीच नोंद आपल्या वहीत असते. त्यामुळे एखाद्या वर्षी बाप्तिस्मे अचानक वाढलेले दिसले तर त्या वर्षी कोणती सुवार्ता सभा झाली, कोणाच्या घरी कॉटेज प्रार्थना चालत होती, तरुण संघ कोण चालवत होतं, हे शोधा. बाप्तिस्मा कुठे झाला हेही लिहून घ्या. स्वतःचा हौद नसताना लोक बदलापूरला उल्हास नदीवर गेले का, पनवेलच्या गाढी नदीवर, की दुसऱ्या मंडळीचा हौद मागून घेतला? ज्यांनी हौद दिला त्यांचे आभार स्मरणिकेत छापलेच पाहिजेत.

लग्नाची नोंदवही पाळकांच्या काळासाठी सगळ्यात भरवशाची. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावणाऱ्याची सही तारखेसकट तिथे असते. आठवणीत कोणी म्हणतं पाळकसाहेब 88 ला आले, कोणी म्हणतं 90 ला. सह्या लावून पाहा, निम्मे वाद मिटतात. मात्र सही बाहेरच्या पाळकाची असेल तर घाई नको. लग्न लावण्याचं लायसन्स नसलेला आपला पाळक तेव्हा मंडळीत असूही शकतो.

खजिनदाराची वही बहुतेक कमिट्या उघडतही नाहीत, ती ओळीओळीने वाचा. ‘पाळक मानधन’ ही ओळ कोणत्या महिन्यात सुरू झाली, किती रुपये होती, कधी अर्धी झाली, कधी थांबली. ती थांबली की तिच्या जागी दुसऱ्या ओळी येतात: पाहुणे उपदेशक, रिक्षा, चहा. म्हणजे मंडळीला पाळक नव्हता आणि तरी दर रविवारी उपासना होत होती. ही वर्षं स्मरणिकेच्या यादीत दोन नावांमधल्या रेघेत बुजून जातात. मला ती सगळ्यात मोलाची वाटतात. डीकन लोकांनी, म्हणजे मंडळीने निवडलेल्या सेवकांनी, आळीपाळीने संदेश दिले, महिला मंडळाने भेटी चालू ठेवल्या, प्रभुभोजनासाठी महिन्यातून एकदा बाहेरून पाळक आणला. इतिवृत्ताच्या वहीतून या वर्षांची नावं काढा आणि पाळकांच्या यादीत त्यांना स्वतंत्र जागा द्या, तारखांसकट.

इतिवृत्तात एक ठराव मुद्दाम शोधा. महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती घरांची मुळं बहुधा बॅप्टिस्ट मिशनमध्ये नाहीत. 1813 ला मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन पुढे नगर भागात पसरलं, ते काँग्रिगेशनल. 1829 ला आलेले जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन. या दोन्ही परंपरांत बाळांचा बाप्तिस्मा होतो. त्यामुळे नगरकडचं एखादं कुटुंब कामानिमित्त ठाण्याला आलं आणि जवळची म्हणून बॅप्टिस्ट मंडळीत येऊ लागलं की प्रश्न उभा राहतो: लहानपणी डोक्यावर पाणी घेतलेल्या माणसाला पूर्ण सभासद करायचं का, की त्याने आधी पाण्यात उतरावं? कुठे मंडळीने दार उघडं ठेवलं, कुठे ठाम नकार दिला, कुठे मतदानाचा हक्क सोडून बाकी सगळं दिलं. यावरून आजोबा आणि नातू यांच्यात महिनोन् महिने बोलणं बंद झालेली घरं आहेत. या ठरावाची तारीख, तेव्हाचा पाळक आणि झालेली चर्चा मिळाली तर मंडळीचा स्वभाव कळतो. ठराव सापडला नाही तर जुन्या सभासदांना हाच प्रश्न विचारा, उत्तर लगेच येईल.

विदर्भातल्या अमरावती भागातून आलेल्या काही कुटुंबांची गोष्ट वेगळी, तिकडे बॅप्टिस्ट मिशनचं काम होतं. तेलुगू कुटुंबं असतील तर त्यांची मुळं आणखी दूर नेतात. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाउ यांनी 1876-78 च्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचं कंत्राट घेऊन उपाशी लोकांना काम दिलं. नंतर 3 जुलै 1878 ला आंध्रातल्या ओंगोलजवळ गुंडलकम्मा नदीत एकाच दिवशी 2,222 जणांचे बाप्तिस्मे झाले. आजी-आजोबांकडून हे ऐकत वाढलेली माणसं आपल्या बाकांवर बसलेली असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. जुन्या सभासद यादीत तेलुगू अक्षरं दिसली तर वाचून देणारं माणूस आधीच ठरवून ठेवा.

प्रस्तावनेत इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी येणारच, येऊ द्या, पण नेमके येऊ द्या. ते नोव्हेंबर 1793 मध्ये बंगालला पोचले, श्रीरामपूरला काम केलं, आणि 1805 मध्ये मराठीचं व्याकरण, 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. या कोशाच्या कामात वैजनाथ पंडित त्यांच्यासोबत होते, त्यांचं नाव गाळू नका. हे सगळं बंगालमध्ये बसून झालं, कॅरींनी ठाण्यात मंडळी काढली नाही. एक परिच्छेद पुरे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सीएनआय स्थापन झालं, त्यात उत्तर भारतातल्या ब्रिटिश बॅप्टिस्ट परंपरेच्या मंडळ्या सामील झाल्या आणि इतर बॅप्टिस्ट स्वतंत्र राहिले. आपली मंडळी कोणत्या धाग्यातली, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

ठाण्यात नावावरून घोटाळा हमखास होतो. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च कॅथलिक आहे. पोर्तुगीज काळापर्यंत जाणारा त्याचा इतिहास आपल्या स्मरणिकेत चिकटवायचा नाही. तसंच सेंट जेम्स, 1825 मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झालेलं, मूळचं अँग्लिकन. ठाण्यातल्या ख्रिस्ती वस्तीचा जुनेपणा सांगायला त्यांचा उल्लेख करा, पूर्वज म्हणून नको.

आपली मंडळी इथेच आणि तेव्हाच का सुरू झाली, याचं उत्तर बहुतेक वेळा कारखान्यात असतं. साठच्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली, मग ठाणे-बेलापूर पट्टा. 1970 मध्ये सिडको आलं, 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, 1992 मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली. सभासद यादीतल्या दाखल होण्याच्या तारखा या सालांशेजारी ठेवून बघा. शिफ्टच्या वेळा सांभाळून उपासना संध्याकाळी ठेवली का, कंपनी बंद पडली तेव्हा दानाचा आकडा किती खाली आला, कोणाचं कुटुंब गावी परतलं. नोकरी गेलेल्या माणसाने त्या महिन्यातही दशांशाचं पाकीट टाकलेलं वहीत दिसतं, तेव्हा लिहिणाऱ्याने ते लिहावं. नाव न घालता लिहिलं तरी चालेल.

सरकारी कागद मिळवायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्या महिन्यातच करा. मंडळी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असेल तर ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (विश्वस्त संस्थेच्या नोंदीचा) उतारा मागवा आणि जुने बदल अर्जही. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, त्यामुळे कोण कधी आलं-गेलं हे तिथे तारखेसह असतं. नवी मुंबईत भूखंड सिडकोचा असेल तर भाडेपट्टा आणि वाटपपत्र यांच्या प्रती काढा. भूखंड मिळेपर्यंतची वर्षं शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल, कोणाची तरी वन-रूम-किचन यांत गेली असतील. त्या जागांचे आज जमेल तसे फोटो घ्या, पुनर्विकासात त्या झपाट्याने जात आहेत.

मुलाखतींसाठी वयाप्रमाणे क्रम लावा आणि सगळ्यात थोरल्यांकडे या आठवड्यात जा. ‘मंडळी कशी सुरू झाली?’ असं विचारलं की सगळे एकच पाठ केलेलं उत्तर देतात. त्याऐवजी पहिल्या नाताळाला जेवण कोणी रांधलं, पेटी कोण वाजवायचं, ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातलं कोणतं गीत नेहमी व्हायचं, पहिलं दफन कोणाचं आणि जागा कुठे मिळाली, असं विचारा. दफनभूमीचा प्रश्न निघाला की माणसं मोकळी बोलतात, कारण त्या दिवशी कोण धावून आलं हे कोणी विसरत नाही. जुना ग्रुप फोटो सोबत न्या, नावं डावीकडून उजवीकडे तिथेच लिहून घ्या, बसलेले आणि उभे वेगळे.

पाळकीणबाईंची मुलाखत पाळकसाहेबांच्या मुलाखतीत उरकायची नाही. रविवार शाळा बहुतेक त्यांनीच चालवली. मानधन तीन महिने थकलं तेव्हा घर कसं चाललं, हे फक्त त्याच सांगू शकतात. त्यांच्याकडे एकट्याने नाही तर महिला मंडळातल्या कोणाला घेऊन जा आणि घाई करू नका.

आता पाळकांची यादी. प्रत्येकासाठी गाव, बाप्तिस्मा कुठे झाला, शिक्षण, ऑर्डिनेशनची (पाळकपणाच्या दीक्षेची) तारीख, पाचारणाच्या सभेची तारीख, निरोपाची तारीख, पुढे कुठे गेले. युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेले असतील तर साल बघा: सेमिनरी 1983 मध्ये यवतमाळहून पुण्याला आली, त्याआधीचा विद्यार्थी असेल तर ‘यवतमाळ’ लिहा. नोकरी सांभाळून पाळकपण केलेल्यांना ‘अर्धवेळ’ म्हणून खालच्या ओळीत टाकू नका. दिवसपाळी करून रात्री दवाखान्यात सभासदाजवळ बसलेल्या माणसाचं नाव इतरांच्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

वादातून गेलेल्या पाळकांचं काय करायचं, हे कमिटीने लिखाण सुरू होण्याआधी ठरवावं. नाव गाळणं हा मार्ग मला मान्य नाही. ज्यांना त्यांनी बाप्तिस्मा दिला ती माणसं समोर बसलेली आहेत, त्यांच्या आयुष्यातली ती तारीख आपण पुसू शकत नाही. आलेली तारीख, गेलेली तारीख, त्या काळात झालेलं काम, एवढं लिहा. मंडळी फुटून दुसरी झाली असेल तर साल आणि दुसऱ्या मंडळीचं नाव द्या, आणि तो परिच्छेद छापण्याआधी त्यांनाही वाचायला पाठवा. आरोप, शिस्तीच्या नोंदी, पैशांचे वाद वहीतच राहू द्या.

नावं छापण्याबाबत अजून जास्त जपायला हवं. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, शिवाय घरच्यांपासून लपून बाप्तिस्मा घेतलेली माणसंही असतात. बाप्तिस्मा नोंदवहीचं पान फोटो म्हणून छापू नका, कितीही सुंदर अक्षर असलं तरी. ज्याचं नाव यायचं त्याची किंवा त्याच्या कुटुंबाची परवानगी लेखी घ्या. एकाने नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

वह्यांचं प्रत्येक पान, कोरं आणि मलपृष्ठसुद्धा, 300 डीपीआयला स्कॅन करा, फोटो 600 ला. फाइलला नाव देताना वहीचा प्रकार आणि साल घाला. एक प्रत मंडळीत, एक दुसऱ्या इमारतीतल्या सभासदाकडे, एक ऑनलाइन. मूळ वह्या पेनड्राइव्ह झाला म्हणून रद्दीत जाणार नाहीत, असा ठराव त्याच महिन्यात इतिवृत्तात लिहून घ्या. शेवटचं प्रूफ कमिटीखेरीज दोन थोरल्या सभासदांना वाचायला द्या, आडनावं आणि गावांची नावं त्यांच्याकडून तपासून घ्या, आणि छापखान्याला तारीख देताना त्यासाठी दोन रविवार वेगळे राखा.