नवा डॅक: घेताना काय पाहावं आणि पहिले पंधरा दिवस काय करावं

डॅक म्हणजे आकड्यांत साठवलेल्या गाण्याचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारं यंत्र. तो मोबाईलमध्ये असतो, टीव्हीत असतो, सीडी प्लेअरमध्येही असतो. त्यामुळे वेगळ्या, महागड्या डॅकवर लाखभर रुपये घालण्याआधी आपली खोली नीट पाहा. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या हॉलमधला घुमारा कोणताही डॅक कमी करत नाही. जाड गालिचा, पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट, भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढलेले स्पीकर, एवढं झालं की मगच डॅककडे वळा.

घेण्याआधी जोडण्यांची यादी करा. टीव्हीला बहुधा ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल) लागेल, सीडी ट्रान्सपोर्टला (म्हणजे स्वतःचा डॅक नसलेल्या सीडी प्लेअरला) कोॲक्सियल (तांब्याची डिजिटल केबल), लॅपटॉपला यूएसबी. तुमच्या ॲम्पला (सिग्नल वाढवून स्पीकरला देणाऱ्या यंत्राला) एक्सएलआर (तीन पिनांचं) इनपुट आहे की फक्त आरसीए (एका पिनेचं), हेही पाहून ठेवा.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. १९८२ साली बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची (बिट म्हणजे आवाजाच्या प्रत्येक मोजमापाची बारकाई, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार मोजमापं). त्या १६ बिटांत सगळ्यांत हळू ते सगळ्यांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. आजचे उत्तम डॅक १२० डेसिबलच्या आसपास पोचतात, म्हणजे साधारण २० बिट. खोक्यावर ३२ बिट छापलेले असले तरी त्यातले शेवटचे बरेचसे बिट यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडालेले असतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ चालत असेल तर पुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. तेच आतल्या, रूपांतर करणाऱ्या चिपच्या नावाचं. एकच चिप दहा हजारांच्या डॅकमध्ये सापडते आणि दोन लाखांच्याही. चिपइतकंच महत्त्व पॉवर सप्लाय आणि आउटपुटच्या सर्किटला आहे. माझ्या मते भारतात दुरुस्ती होते का, हा प्रश्न या सगळ्याच्या आधी विचारावा. अमेरिकेतून कुणी नातेवाईक आणणार असेल तर यंत्र २३० व्होल्टवर चालतं का, याची आधीच खात्री करा. तिथली वीज १२० व्होल्टची.

घरी आणल्यावर ॲम्पचा आवाज अगदी खाली ठेवून सुरुवात करा. डॅक थेट पॉवर ॲम्पला (आवाज कमी-जास्त करायचं बटण नसलेल्या ॲम्पला) जोडणार असाल तर डॅकचा आवाजही शून्याजवळ आणा, नाहीतर पूर्ण सिग्नल एकदम स्पीकरवर आदळेल. गाणं न लावता स्पीकरला कान लावा. जाडसर ‘हूंऽऽ’ ऐकू आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा लूप आहे, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून नकोशी वीज फिरते आहे. ऑप्टिकल केबलने तो तुटतो, कारण तिच्यातून वीज जातच नाही. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढू नका.

आता ‘ब्रेक-इन’. दोनशे-तीनशे तास चालवल्यावर डॅक खुलतो, असं आग्रहाने सांगितलं जातं. सुटे भाग गरम होऊन तापमान स्थिरावायला अर्धा-पाऊण तास पुरतो, तेवढा वेळ जरूर द्या. त्यानंतर आठवड्यागणिक जाणवणारा बदल मुख्यतः आपल्या कानांचा असतो. नव्या आवाजाची सवय होते, आणि ती सवयच आपल्याला यंत्राची सुधारणा वाटते.

खरा फरक पाहायचा तर आवाजाची पातळी जुळवा. ही पायरी वगळली तर बाकीची मेहनत वाया जाते. एक्सएलआरमधून साधारण ४ व्होल्ट येतात, आरसीएमधून २. म्हणजे नुसती केबल बदलली तरी ६ डेसिबल वाढतात, आणि जे मोठं ऐकू येतं तेच कानाला सरस वाटतं. हळू आवाजात १०० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. जुना आणि नवा डॅक एक टक्क्याच्या आत जुळवा. हा फरक ०.१ डेसिबलच्याही खाली राहतो. मग घरातल्या कुणालातरी अदलाबदल करायला सांगा. कोणता चालू आहे ते तुम्हाला कळता कामा नये. दहा-बारा वेळा ऐका आणि दर वेळी अंदाज कागदावर लिहा.

ऐकायला तानपुरा घ्या. जवारीतून उलगडत जाणारे वरचे स्वर, डग्ग्याची मींड, पेटीच्या भात्याची हवा, हे आपल्या कानात मुरलेलं असतं. त्यातली चूक चटकन कळते. एकेक तुकडा अर्ध्या मिनिटाचाच ठेवा, त्याहून लांब आठवण टिकत नाही.

तरीही पहिले पंधरा दिवस डॅक रोज भरपूर चालवा. सदोष भाग बहुतेकदा सुरुवातीलाच दगा देतात आणि तेव्हा परत करण्याची मुदत हातात असते. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की मात्र प्लग काढून ठेवा. मुदत संपायच्या दोन दिवस आधी तो कागद काढा. बारापैकी सहा-सातच अंदाज बरोबर आले असतील तर डॅक परत करा आणि ते पैसे स्पीकरसाठी ठेवा.