सेन्सर बिघडला की पूल, हे कसे ओळखावे

पुलावरील देखरेख-यंत्रणेतले एखादे रीडिंग बदलले, की संशय आधी सेन्सरवर घ्यावा. कारण गर्डर (पुलाची आडवी तुळई) आणि पिअर (तिला पेलणारा खांब) अनेक दशके टिकावेत म्हणून बांधलेले असतात, तर स्ट्रेन गेजचा (ताण-दाबाने होणारा लांबीतला सूक्ष्म बदल मोजणाऱ्या पट्टीचा) गोंद किंवा केबलचे जोड ऊन-पावसात त्याच्या कितीतरी आधी दगा देतात.

ढोबळ बिघाड नुसता आलेख पाहूनही कळतात. वाहने जात असताना आलेख सपाट राहिला, तर सेन्सर बंद पडला आहे किंवा एकाच आकड्यावर अडकला आहे. मधूनच सुईसारखी टोके उठत असतील, तर बहुधा केबलचा जोड ढिला आहे.

खरी कसोटी लागते ती हळूहळू सरकणाऱ्या किंवा ठरावीक प्रमाणात कमी दाखवणाऱ्या सेन्सरपाशी. समजा, 50 मीटर लांबीचा पोलादी गर्डर एका टोकाला स्थिर आणि दुसऱ्या टोकाला मोकळा आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला प्रतिमीटर सुमारे 0.012 मिलिमीटर प्रसरण पावते, म्हणजे गर्डर 10 अंशांनी तापला की मोकळे टोक 6 मिलिमीटर सरकायला हवे. तिथला विस्थापन-सेन्सर 4 मिलिमीटरच दाखवू लागला, तर दोष त्याचा असेल किंवा बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो आणि सरकतो तो आधार) अडकू लागले असेल. अशा वेळी शेजाऱ्याची साक्ष काढावी: 2 मिलिमीटर प्रसरण खरोखरच अडले असेल, तर गर्डरमध्ये सुमारे 40 मायक्रोस्ट्रेनचा (लांबीच्या दहा लाखांत 40 भागांइतका) दाब साठतो आणि तापमान-भरपाई असलेल्या, म्हणजे मोकळे प्रसरण वजा करून दाखवणाऱ्या स्ट्रेन गेजवर तो दिसायलाच हवा. गेजमध्ये तसा काहीच बदल नसेल, तर संशय विस्थापन-सेन्सरवरच पक्का होतो.

हीच साक्ष आकडेमोडीनेही घेता येते. यंत्रणा निर्दोष असतानाच्या, शक्यतो सर्व ऋतूंच्या नोंदींवरून प्रत्येक सेन्सरचे रीडिंग बाकीच्या सेन्सरांवरून वर्तवणारे समीकरण बसवावे आणि प्रत्यक्ष व अपेक्षित आकड्यांतील फरकावर लक्ष ठेवावे. मात्र एक बिघडलेला सेन्सर इतरांचे अंदाजही बिघडवतो. म्हणून एकेक सेन्सर वगळून पुन्हा हिशेब करावा, आणि ज्याला वगळल्यावर बाकीच्यांचा मेळ बसतो, त्याच्यावर बोट ठेवावे.

कंपन मोजणाऱ्या सेन्सरांसाठी आणखी एक खूण आहे. नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे पूल स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतो तो आकडा, संपूर्ण संरचनेची असल्याने तिचे शिखर सर्व सेन्सरांच्या वारंवारिता-आलेखात एकाच जागी यायला हवे. ते एकाच सेन्सरमध्ये नसले, तरी घाई करू नये, कारण दोन टोकांवर साध्या टेकलेल्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या भागाच्या) दुसऱ्या कंपनरूपात, म्हणजे कंपनाच्या दुसऱ्या नैसर्गिक आकारात, गाळ्याचा मध्य जवळजवळ हलतच नाही.

शेवटी पुलावर जाऊन संशयित सेन्सर त्याच प्रकारच्या दुसऱ्या चॅनलला (नोंदयंत्राच्या जोडणीला) जोडून पाहावा: दोष त्याच्याबरोबर गेला तर सेन्सर किंवा त्याची केबल, आणि जुन्या चॅनलवरच राहिला तर डेटा लॉगर (रीडिंग नोंदवणारे यंत्र) तपासावा. सदोष नोंदी पुसू नयेत, त्यांवर खूण करावी. सेन्सर बदलल्याची तारीख आणि नवे शून्य-रीडिंगही (मोजणी जिथून सुरू होते तो आकडा) लिहून ठेवावे, नाहीतर पुढच्या माणसाला तीच उडी पुलाचे नुकसान वाटेल.