पायलटचा बाँड : सही करण्याआधी काय वाचायचं

बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं रोजच दिसतात, त्यामुळे आमच्या गोंदिया जिल्ह्यात पायलट व्हायचं म्हणणारी पोरं आता कमी नाहीत. बारावीचं फिजिक्स-गणित, मेडिकल, डीजीसीएचे (विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी खात्याचे) पेपर, 200 तासांचं उड्डाण, सगळं विचारतात. बाँडचं कुणी विचारत नाही.

सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) मिळालं म्हणून कुणी लगेच एअरबसमध्ये बसवत नाही. त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवायचं वेगळं ट्रेनिंग आणि परवानगी लागते आणि त्याचा खर्च लाखांत जातो. कंपनीने तो केला, तर अमुक वर्षं सोडून जाणार नाही, गेलो तर पैसे भरीन, असं लिहून घेते. हाच बाँड. त्यात गैर काही नाही. रेटिंगचे पैसे तुम्हीच भरले असतील, तर मात्र बाँड कोणत्या खर्चापोटी, हे मेलवर विचारा.

मुदत कधीपासून मोजतात ते आधी पाहा. सहीपासून, की लाइनवर रिलीज झाल्यापासून, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या फ्लाइट सुरू झाल्यापासून? मध्ये सिम्युलेटर आणि लाइन ट्रेनिंगचे (प्रत्यक्ष फ्लाइटवरच्या ट्रेनिंगचे) महिने जातात. मग रक्कम घटते का ते पाहा. समजा 15 लाख आणि 3 वर्षं. दोन वर्षांनी सोडलं, तर घटत्या बाँडमध्ये 5 लाख भरायचे; सरसकट असेल तर पूर्ण 15. कागदावर फरक एका ओळीचाच असतो.

माझ्या कागदांत वडिलांची हमी आणि एक कोरा चेक मागितला होता. मोठेबाबा लगेच म्हणाले, “सातबारा त नाही ना मागत बाप्पा?” सातबारा नव्हता. पण चेक न वटल्यास कलम 138 खाली फौजदारी होते, आणि हमीची वसुली बाबांकडूनही निघू शकते. मी चेकवर आकडा टाकला, आणि बाँड संपल्यावर तो परत मिळेल असं लिहून घेतलं. एचआरवाले जरा कुरकुरले, पण दिलं.

“बाँड कोर्टात टिकतच नाही” हे हॉस्टेलमधलं ज्ञान सोडा. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा 3 वर्षांचा, 2 लाखांचा बाँड वैध ठरवला. कंपनीला हवा तो आकडाही मिळत नाही म्हणा. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवी लागते, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या एअरलाइनमध्ये जायचंच नाही, ही अट तर कलम 27 मुळे टिकत नाही.

मेडिकलमध्ये अनफिट ठरलात, कंपनीनेच काढलं किंवा कंपनीच बसली, तर काय? 2019 मध्ये जेट आणि 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा हा प्रश्न कल्पनेतला नाही. उत्तर करारात नसेल, तर घालून मागा.

आणि बाँडचे पैसे भरले म्हणजे सुटलो असं नाही. नोटीस पिरियड वेगळा: डीजीसीएच्या नियमाने को-पायलटला 6 महिने, कमांडरला (कॅप्टनला) 1 वर्ष. नव्या कंपनीला जॉइनिंगची तारीख सांगताना तो धरूनच सांगा.