जुन्या कचेरीचं नूतनीकरण: या चुका टाळा

बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळातल्या इमारतींत अजून सरकारी कामं चालतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९०६ सालच्या खंडेराव मार्केटमध्ये आजही महापालिका बसते. माणसांचा राबता असला की इमारत टिकते. म्हणून संगणक, लिफ्ट, एसी यांना माझा विरोध नाही. नुकसान होतं ते घाईने.

सगळ्यात महागात पडते ती सिमेंटची चूक. भिंतीचा रंग पापुद्र्यांनी सुटतोय, खालचे तीन-चार फूट ओले आहेत, लोणा (ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार) आलाय, अशी तक्रार आली की जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट करायचं ठरतं. करू नका. वीट आणि चुना यांतून ओल शिरते तशी बाहेरही पडते. सिमेंटने ती वाट बुजली की पाणी भिंतीतच वर चढतं आणि सिमेंट संपतं तिथून फुटतं. माझ्या देखरेखीखालच्या एका कामात आम्ही पाच फुटांपर्यंत सिमेंट चढवलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात लोणा सहाव्या फुटावर दिसला आणि गिलावा काढताना शंभर वर्षांच्या विटांचे टवके सोबत निघाले. त्या विटा परत मिळणार नव्हत्या. मला ते अजून लागतं.

तेव्हा आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पन्हळी तुंबल्यात का? पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीलगतच फुटलाय का? आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना जमीन जोत्याच्या वर तर आली नाही ना? हे कारण फार वेळा सापडतं आणि कुणी तिकडे बघत नाही. ते दूर झालं की सिमेंट छिन्नीने, हाताने काढा. ब्रेकर मशीन लावू नका. भिंतीला निदान एक उन्हाळा वाळू द्या. मग नीट विरवलेला चुना आणि सुरखी (विटांची भुकटी), पातळ थरांत. बडोद्याच्या उन्हात हा गिलावा तडकतो, म्हणून त्यावर ओलं गोणपाट हवंच. वरून चुन्याचीच सफेदी.

दुसरी चूक वजनाची. ए-फोर कागदाचं ७५ जीएसएमचं एक रीम (५०० कागद) साधारण २.३ किलो भरतं, म्हणजे हजार रीम सव्वादोन टनांच्या वर. लाकडी तुळयांच्या मजल्यावर फायलींची सरकती कपाटं ओळीने लावली की फरशीला मधोमध झोळ येतो, दारं घासायला लागतात. दारं अचानक अडकू लागली तर रंधा मारू नका, वरच्या मजल्यावर काय ठेवलंय ते बघा. दप्तर तळमजल्यावर आणा, पण जमिनीला टेकवून नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. वीजपॅनेल आणि सर्व्हरही उंचावरच हवेत.

फॉल्स सीलिंग लावण्याआधी प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक तिथेच कुजतं. एकदा सीलिंग बसलं की गळती आणि वाळवी दोन्ही झाकली जातात. छताजवळचे झरोके एसीसाठी विटांनी बुजवू नका; काचेची उघडझाप होईल अशी तावदानं बसवा. वायरिंगसाठी दगडात खाचा पाडण्याऐवजी उघडे कंड्युट (वायरींचे पाइप) भिंतीवरून न्या, क्लिपा चुन्याच्या सांध्यांत ठोका.

आणि छताचं काम मेअखेर संपवा. पहिला मोठा पाऊस झाला की टॉर्च घेऊन स्वतः माळ्यावर चढा, ओले डाग खडूने आखा आणि बाजूला तारीख लिहा. पुढच्या सरीनंतर डाग रेषेबाहेर गेला असेल, तर पन्हळीपासून पुन्हा तपासायला लागा.